लाल रेघेवर विसंबू नका

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. छपरांचे नट आवळण्यात माझी उभी हयात गेली. स्वभावाने मी संशयी. गच्च दिसणारे नट ढिले निघालेले मी शंभरदा पाहिले आहेत.

माझी मालकीण छपरे बसवायची. तिला सगळे आत्या म्हणत. वादळ छप्पर खालून उचलते, म्हणून प्रत्येक वासा भिंतीतल्या लोखंडी पट्टीला नट-बोल्टने जखडावा, असे ती सांगे. नट आवळून झाला की नटावरून पट्टीपर्यंत ती लाल रंगाची रेघ ओढी. रेघ म्हणजे काम पुरे.

तिच्या भाचीच्या घराची शेवटची ओळ राहिली होती आणि दुसऱ्याच दिवशी वादळ येणार होते. घरात महिन्याचे बाळ. आत्याचा गुडघा धरलेला, म्हणून भाचीचा नवरा शिडीवर चढला. त्याला भारी घाई. त्याने आधी सगळ्या नटांवर रेघा मारून घेतल्या, मग मला हाती धरले. एक नट आवळला, तेवढ्यात छताच्या फळ्या आल्या. मला पेटीत टाकून तो फळ्या उतरवायला धावला आणि बाकीचे नट विसरूनच गेला. मी आतून जळत होतो, पण लोखंडाला वाचा कुठली?

"आत्या, झालं सगळं. आता फळ्या ठोकतो."

"थांबा जावईबापू, मी बघते."

"अहो, लाल रेघा दिसतायत की! आता डोळेही दुखायला लागले का?"

"डोळे चांगले आहेत, म्हणूनच बघते."

"आत्या, गुडघा सांभाळ गं!" भाची ओरडली.

"गुडघा माझा, घर तुझं," म्हणत आत्या वर चढली.

पहिल्याच नटापाशी ती थबकली. रेघ मधेच तुटून नटावरचा तुकडा बाजूला सरकला होता.

"रंगानंतर नट फिरलाय. म्हणजे आधी रंग, मग पाना! मग या बाकीच्या रेघा अखंड कशा?"

तिने दुसरा नट नुसत्या बोटांनी फिरवला. तो गरगर फिरला.

जावयाचा चेहरा पडला. भाची हळूच म्हणाली, "बाळ याच्याच खाली निजणार होतं."

त्याने मला पेटीतून उचलले आणि तो वर गेला. एकवीस नट आवळेपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदामाचे पत्रे कागदासारखे उडाले. आमचे छप्पर करकरले, पण जागचे हलले नाही.

आता माझे तोंड झिजले आहे, नट निसटतात. तक्रार नाही. मात्र मित्रांनो, 'झालं' म्हणणाऱ्यावर रागावू नका, पण शिडी लावा. मी सांगतो म्हणूनही मानू नका. स्वतः वर चढा आणि नटाला हात लावून या.