जावयांनी दिलेली खुर्ची

आमच्या जावयांची एक खोड मला पहिल्यापासून खटकते. घरात पाऊल टाकलं की ते माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करतात. दुखतात का, झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेता ना. पोटच्या पोराला हे कधी सुचलं नाही, पोटच्या पोरीला सवड नाही, आणि हा माणूस पायातले बूट निघायच्या आधी माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचलेला असतो. कुणी इतकं गोड वागायला लागलं की मी आधी घरातल्या डब्यांची झाकणं नीट लागलीत का ते बघते. पण पडले जावई. बोलायची चोरी.

दुसरी खोड स्टुलाची. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला एक खुर्ची आणून दिली. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि आतली मोटर पाठ चोळते. शेजारपाजारच्या बायका मुद्दाम बघायला आल्या. मी एकेकीला बसवलं, बटण दाबलं, आणि ती आडवी झाल्यावर सांगितलं, "जावयांनी दिली." जिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं तिला पुन्हा सांगितलं.

आमचा धंदाच मुळी सोफे-खुर्च्यांचा. आमचे हे वारल्यापासून दुकान मीच बघते. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, दबलेला फोम बदलायचा, नवं कापड ताणून खिळे मारायचे. त्यामुळे हात लावल्याबरोबर कळलं होतं की फोम हलका आहे आणि शिवण तिरकी गेलीय. पण दिलेल्या वस्तूचा फोम दाबून बघू नये, म्हणून गप्प बसले. तर घरात एवढी खुर्ची असताना हे गृहस्थ कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून त्यावर टेकायचे. "ती तुमचीच, आई," म्हणायचे. मला वाटायचं, मान देतात.

मग फोन सुरू झाले.

पहिल्यांदा एक पोरगी बोलली. म्हणाली, तुमच्या क्रेडिट कार्डाचं देणं थकलंय. मी म्हटलं, "बाळ, माझ्याकडे कार्ड म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरचं. ते हवं असेल तर ये घेऊन जा." ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाप्या बोलला. पोरीचा आवाज साखर होता, ह्याचा किसणी. त्यानं माझं पूर्ण नाव सांगितलं, ह्यांचं नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला. देणं एक लाख ऐंशी हजार.

"कार्डाला जोडलेला मोबाइल तुम्ही महिनोन्‌महिने उचलत नाही," तो म्हणाला. "शेवटी दुकानाच्या पाटीवरून हा नंबर काढला."

"माझा मोबाइल हाच. दुसरा नाही."

"सगळे असंच म्हणतात, मावशी. तुमचा कापडवाला व्यापारी कोण ते आम्हाला माहीत आहे. त्यालाच विचारू का, बाई कशा आहेत म्हणून?"

तेव्हा मात्र मी हातातला मापाचा टेप बाजूला ठेवला. पोलिसांना मी भीत नाही, पण त्या व्यापाऱ्याला भिते. तो मला गठ्ठेच्या गठ्ठे नुसत्या शब्दावर उचलू देतो. कापड विकलं जाईल तसे पैसे पोचते करते. ह्यांच्या माघारी दुकान चाललं ते ह्या शब्दावर. बाई बुडवी आहे असं त्याच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून रोकड मागितली असती, आणि रोखीवर माझं दुकान महिनाभरही टिकलं नसतं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. कार्ड माझ्या नावावर, म्हणजे घरातल्याच कुणीतरी काढलेलं. घरात पुरुष माणूस एकच, आमचा पोरगा. दिवसभर दुकानात खिळे ठोकतो म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणतात. त्यानं नुकताच नवा फोन घेतला होता, वर रात्री उशिरा यायला लागला होता. माझ्या पोटात संशय मावत नाही. दुकानात गेले आणि सरळ विचारलं.

तो तोंडात खिळे धरून काम करत होता. एकेक खिळा तोंडातून काढून डब्यात टाकला, सगळे संपल्यावर बोलला. "आई, मला कार्ड काढता आलं असतं तर माझ्याच नावावर नसतं काढलं?"

"तुझ्या नावावर तुला कोण देतंय?"

"हां," तो म्हणाला. "ते पण खरंच." आणि खिळे परत तोंडात घातले. त्या दिवसापासून बाहेर जेवायला लागला. माझ्याशी बोलणं मापापुरतं. सीट किती, पाठ किती.

रविवारी ताई आणि जावई आले. ताई म्हणजे आमची पोरगी. तिला मी फोनवर रडगाणं सांगितलं होतं, तिनं ते नवऱ्याला सांगितलं असणार. जावयांनी आधी गुडघे विचारले. मग स्टूल ओढलं, पुढं वाकून बसले.

"आई, ह्या लोकांच्या तोंडी लागू नका. सेटलमेंट करून टाकू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तडजोड. एकदम भरले तर बँक निम्म्याहून कमी घेते आणि बाकीचं सोडून देते. सत्तर हजारांत विषय संपेल. अर्धे मी घालतो."

ताईचे डोळे भरून आले. "बघ आई, ह्यांचा काही संबंध नाही तरी."

दारातून ठोक्या म्हणाला, "संबंध नसताना पस्तीस हजार. आम्हाला कुणी असा दाजी द्या रे."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "तुझ्यामुळंच आलंय हे सगळं."

जावई म्हणाले, "जाऊ दे, पोर आहे. चूक होते माणसाकडून." आणि ठोक्याच्या पाठीवर हात ठेवला. ठोक्यानं खांदा काढून घेतला.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते गेल्यावर त्या खुर्चीत पडून राहिले. मोटर पाठ चोळत होती आणि माझं डोकं वेगळंच काहीतरी चोळत होतं. ज्याचं देणं नाही तो माणूस अर्धे पैसे घालतो, हे मी आजवर कुठं पाहिलं नव्हतं. ह्यांच्या मयताच्या खर्चाला तर हेच जावई पाकीट घरी विसरून आले होते. बरं, प्रेम उतू गेलं असेल असं धरू. पण सत्तर हजारांचा आकडा त्यांना कुणी सांगितला? फोनवरचा किसणीवाला मला एक लाख ऐंशीच्या खाली एकदाही उतरला नव्हता.

दोन दिवसांनी तो स्वतःच दुकानात उगवला. अंगानं काटकुळा, खांद्याला बॅग, हातात हेल्मेट. मी त्याला स्प्रिंगा वर आलेल्या सोफ्यावर बसवलं. मागे ठोक्या हातोडी चालवत होता.

"मावशी, मी तुमच्या भल्यासाठी आलोय," तो म्हणाला.

"स्प्रिंग टोचत असेल तर जरा डावीकडं सरका. बोला."

"एकरकमी भरलेत तर सत्तर हजार. तीन हप्ते केलेत तर पंच्याऐंशी. नाहीतर पूर्ण रक्कम, आणि ती रोज वाढतेय. सत्तरची सवलत आज संध्याकाळपर्यंतच. ह्या नंबरवर पाठवा."

सत्तर. जावयांच्या तोंडचाच आकडा, एक पै इकडं नाही की तिकडं नाही.

"हा नंबर बँकेचा?"

"माझा. मी पुढं भरतो."

"मग पावतीवर कुणाचं नाव, बँकेचं की तुमच्या आईचं?"

तो स्प्रिंगेवरून उठला आणि परत बसला. "पत्र नंतर मिळतं, मावशी."

"मी कुणाचा जुना सोफा उसवायला घेतला तरी आधी कागदावर लिहून देते. तुमची एवढी मोठी बँक नंतर देते? बँकेच्या सहीशिक्क्याचं पत्र आणा, आकडा त्यात, खातं त्यात. आणि माझ्या व्यापाऱ्याला फोन केलात तर मी बँकेला तुमचा हा नंबर वाचून दाखवीन."

तो जरा नरमला. मग मी विचारलं, सत्तर भरले काय आणि पूर्ण भरले काय, माझ्या दृष्टीनं फरक काय पडतो?

"पूर्ण भरलेत तर खातं बंद, स्वच्छ. सत्तरमध्ये मिटवलंत तर तुमच्या नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा राहतो. बरीच वर्षं."

"शेऱ्याचा अर्थ काय?"

"अर्थ असा, की बाईंनी घेतलं तेवढं परत दिलं नाही."

"माझ्या नावापुढं?"

"कार्ड तुमचं म्हटल्यावर तुमच्याच." त्याचा धीर सुटत चालला होता. "खुर्ची घेताना नाही एवढे प्रश्न विचारले, मावशी."

"कुठली खुर्ची?"

त्यानं मोबाइल काढला आणि बोटानं वर सरकवत गेला. "ही बघा. कार्डावरची पहिलीच खरेदी, पाठ चोळायची खुर्ची. मग पुरुषांचं घड्याळ. मग हॉटेल, हॉटेल, विमानाची दोन तिकिटं, परत हॉटेल."

मागची हातोडी थांबली.

मी विमानात कधी बसले नाही. ताई आणि जावई मागच्या वर्षी फिरून आले होते आणि माझ्यासाठी शिंपल्यांची माळ घेऊन आले होते. ती माळ दुकानाच्या आरशाला टांगलेली होती. ठोक्यानं माळेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वसुलीवाला गेल्यावर मी खिळ्यांचा डबा त्याच्या बाजूला सरकवला आणि म्हटलं, "आज घरी जेव." आमच्या घरात एवढं पुरतं.

रात्री त्यानं दोन घास जास्त खाल्ले आणि विचारलं, "पण दाजींना तुझे कागद मिळाले कुठून?"

मला सगळं आठवलं. हे गेल्यावर दुकानाच्या वीजमीटरवर माझं नाव लावायचं म्हणून जावई माझं ओळखपत्र आणि फोटो घेऊन गेले होते. जिथं बोट ठेवलं तिथं मी सह्या केल्या होत्या. आणि विजेचं बिल अजून ह्यांच्याच नावावर येतं. दर महिन्याला ते हातात धरून मी वीज कचेरीला शिव्या घालत होते.

शनिवारी वसुलीवाला पत्र ठेवून गेला. रविवारी मी दोघांना बोलावलं. त्याआधी ठोक्याला सांगून कोपऱ्यातलं स्टूल दुकानात हलवलं. ताईला म्हटलं, आत जाऊन चहा ठेव, आणि ठोक्याला तिच्या मागोमाग पाठवलं.

जावई खोलीत आले. "गुडघे कसे आहेत, आई?" म्हणाले आणि स्टूल शोधायला लागले.

"दुरुस्तीला दिलंय. खुर्चीत बसा."

"नको, मी उभा ठीक आहे."

"दोन वर्षं झाली, एकदाही बसला नाहीत. बसा."

ते कडेवर टेकले. मी बटण दाबलं. पाठ मागे गेली, पाय वर आले, मोटर घरघरायला लागली. पाय हवेत असले की माणसाला पटकन उठता येत नाही. मी बँकेचं पत्र त्यांच्या पोटावर ठेवलं.

"मीटरवर माझं नाव कधी लागणार, जावईबापू?"

त्यांनी पत्र उचललं नाही.

"फेडणार होतो, आई," ते म्हणाले. "माझ्या स्वतःच्या कार्डाची मर्यादा संपली होती. ऑफिसातलं कमिशन बंद झालं. तुम्हाला कळायच्या आत भरून टाकीन असं वाटलं होतं. नाहीच जमलं, म्हणून फोन उचलणं सोडलं. त्यांनी तुम्हाला गाठल्याचं हिच्याकडून कळलं तेव्हा कार्डाला जोडलेल्या माझ्या दुसऱ्या फोनवरून त्यांच्याशी सत्तरपर्यंत बोलून ठेवलं."

"म्हणजे अर्धे माझे घालून तुमचं मिटणार, आणि शेरा माझ्या नावावर. वर चोर ठोक्या."

"खुर्ची मात्र मनापासून दिली होती. तुमच्या नावावर घेतोय तर पहिली वस्तू तुमच्यासाठी, असा विचार केला."

वाईट ह्याचं वाटलं, की तो खोटं बोलत नव्हता. खरोखरच तसा विचार केला असणार त्यानं. आतून कपांचा आवाज येत होता. ताई भावाला कशावरून तरी टाकून बोलत होती, आणि भाऊ ऐकून घेत होता. ताईचा संसार माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. माझं नावही उभं राहिलं. दोन्ही एका खुर्चीत मावत नव्हती. मी बटण सोडलं, मोटर थांबली.

"आता ऐका," मी म्हटलं. "वसुलीवाल्याकडं तीन पर्याय आहेत, माझ्याकडं दोन. पूर्ण रक्कम एकदम, नाहीतर पूर्ण रक्कम हप्त्यानं. हातातल्या घड्याळापासून सुरुवात करा, मग गाडी विका, काय ते तुम्ही बघा. पैसे बँकेत आणि खातं बंद झाल्याचं पत्र माझ्या हातात. अर्ध्यात मिटवायचं माझ्याकडं चालत नाही, शेरा मला बसणार आहे. एक हप्ता चुकला तर मी बँकेत जाऊन सांगेन की सह्या माझ्या आणि कार्ड तुमचं, मग पोलीस तुम्हाला त्यांचे पर्याय समजावतील. ताईला हे तुम्ही सांगायचं, आत्ता, चहा गार व्हायच्या आत, आणि ठोक्याला तिच्यासमोर सांगायचं की चूक त्याची नव्हती. आणि ह्यापुढं माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची नाही. गुडघे माझे आहेत, नाव माझं आहे. खुर्ची तेवढी तुमची. जाताना घेऊन जा."