मांगे ऱ्हायना

लोणखेड्याचा पितांबर पाटील आयुष्यात एकदाच फुटबॉल खेळला आणि तेव्हाही चेंडू आपल्याच गोलात मारून बसला. त्यानंतर त्याने चेंडूला पाय लावला नाही, पण शहाद्याच्या गोमाई फुटबॉल क्लबाला जीव असा लावला की त्याची बायको धनुबाई म्हणायची, या माणसाचं माझ्याशी लग्न चुकून झालं. मॅचच्या दिवशी कपाशी बोंडात लोंबकळत राहो, नाहीतर बैल दाव्याला उपाशी राहो, हा गडी सकाळपासून मैदानावर हजर.

हा क्लब म्हणजे रिकामटेकड्या पोरांची टोळी नव्हे, हे तो ऐकणाऱ्याला सांगे आणि न ऐकणाऱ्याला थांबवून सांगे. पहिल्या जर्मन लढाईत या भागातली माणसं खेचरं हाकायला इराकात बसऱ्याला गेली. तिथे गोऱ्या सोल्जरांचा खेळ बघून बघून शिकली. जी जिवंत परतली त्यांनी चामड्याचा एक चेंडू बरोबर आणला आणि जिनिंग फॅक्टरीमागच्या मैदानावर क्लब उभा राहिला. पितांबरचा थोरला भाऊ छगन मात्र परतला नाही. चेंडू आला, भाऊ आला नाही. पितांबर तेव्हा पोरसवदा होता; त्याने त्या चेंडूलाच भाऊ मानलं असणार, नाहीतर एवढं वेड कुणाला लागतं?

क्लबाचा एक रिवाज होता. मॅचआधी हजेरी व्हायची. खेळणारा 'हाजीर' म्हणायचा. जो लढाईवर गेलेला असेल त्याच्या घरचं माणूस म्हणायचं, 'यी ऱ्हायना', म्हणजे येतो आहे. आणि जो लढाईत मेला त्याच्या घरच्याने म्हणायचं, 'शे'. आहे. एवढंच. मेलेला 'आहे' आणि जिवंत 'येतो आहे', असा हा उफराटा हिशोब बसऱ्याहून परतलेल्यांनीच घालून दिला होता. मैदानावर बायका येत त्या फक्त ज्या घरी 'शे' म्हणायचं त्या घरच्या. एका कडेला कडुनिंबाखाली बसत, आपलं नाव आलं की उत्तर देत आणि मॅच सुरू व्हायच्या आत घरी जात.

जुनी माणसं थकली तशी ही हजेरी पितांबरकडे आली. त्याला सगळी नावं तोंडपाठ होती. तो ती खणखणीत आवाजात घेई आणि छगनचं नाव आलं की स्वतःच छाती काढून 'शे' म्हणे. या कामात तो कुणाची गय करत नसे. एका वर्षी गजराबाईने, जिचा नवरा बसऱ्याला मेला होता, मनात काय आलं कोण जाणे, 'यी ऱ्हायना' म्हणून टाकलं. पितांबरने पुन्हा नाव घेतलं. तिने पुन्हा तेच म्हटलं. तो परत परत नाव घेत राहिला. शेवटी बाईने पदरात तोंड घालून 'शे' म्हटलं, तेव्हाच तो पुढे सरकला. हजेरी खोटी होता कामा नये, असं त्याचं म्हणणं. लोकांनीही मान डोलावली; दुसऱ्याच्या जखमेवर नियम लावायला काही लागत नाही.

मग दुसरी लढाई आली. पितांबरचा मुलगा भिला क्लबाचा गोलकीपर होता, लांब हातांचा, शांत पोरगा. रमजान पिंजाऱ्याचा सलीम त्याचा जोडीदार. दोघं मिळून पलटणीत भरती झाले, मिळून सिंगापूरला गेले, आणि सिंगापूर पडलं तेव्हा मिळूनच जपान्यांच्या हाती लागले. त्यानंतर काही कळलं नाही. वर्षं गेली. प्रत्येक मॅचला पितांबर 'भिला पितांबर' असं नाव घेई आणि स्वतःच उत्तर देई, 'यी ऱ्हायना'. रमजान सलीमसाठी तेच म्हणे. दोन्ही बापांचे आवाज दर वर्षी थोडे खाली येत गेले.

लढाई संपली. दिवाळीनंतर एका दुपारी सलीम सर्व्हिस मोटारीतून शहाद्याला उतरला. उतरला म्हणजे उतरवला. अंगात ताप, हातापायांच्या काड्या, पुढचे दात नाहीत. पितांबरला कुणी सांगितलं तसा तो शेतातून धावत आला आणि गर्दीतून घुसून त्याने सलीमचे दोन्ही खांदे धरले.

“भिला कोठे शे रे?”

सलीमचे ओठ हलले. शब्द तापात आणि पडलेल्या दातांत अडकत बाहेर आले आणि पितांबरने ते ऐकले: मांगे यी ऱ्हायना. मागून येतो आहे.

पुढचं काही ऐकायला तो थांबलाच नाही. वाटेत भेटेल त्याला थांबवून त्याने सांगितलं की भिला मागच्या बोटीवर आहे. मारुतीला नारळ फोडला, दर्ग्यावर चादर कबूल केली, धनुबाईला पुरण घालायला लावलं. क्लबाचा कॅप्टन दिलवरसिंग याला निरोप धाडला की संक्रांतीच्या मॅचला गोलात भिला उभा राहील, तोवर त्याच्या जागी खेळणाऱ्या करणसिंगने नुसती जागा राखावी. करणसिंग बिचारा चांगला गोलकीपर होता.

मग पितांबरच्या नंदुरबारच्या खेपा सुरू झाल्या. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून तो स्टेशनवर जाई आणि गाडी आली की डब्याडब्यातून डोकावे. सुरुवातीला खाकी कपड्यातली माणसं बरीच उतरत. एकेकाला धरून तो विचारी. मग अशी माणसं कमी झाली. मग एखादंच कुणी उतरे आणि तेही याला लांबून बघून दुसऱ्या दाराने निघून जाई, कारण या माणसाची आता ओळख झाली होती. स्टेशनवरच्या हमालाने एकदा म्हटलं, बाबा, घरी जा, पोरगा आला की आम्ही सांगू. पितांबर त्याच्यावर धावून गेला. परत येताना मोटारीत बसून रडला आणि घरी पोचल्यावर धनुबाईला म्हणाला, आज गाडीला गर्दी फार होती, नीट बघता आलं नाही.

सलीमचा ताप उतरून तो अंगणात बसायला लागला होता. पितांबर रमजानच्या दारावरून जायचा तो पलीकडची कड धरून. दुसऱ्यांदा विचारायचं त्याच्या मनात येई आणि तो भरभर पाय उचले. एकदा मिळालेलं उत्तर पुन्हा विचारून कोण बिघडवून घेतं? सलीमही आपणहून आला नाही. धनुबाई मात्र एकदा हलीमाकडे, सलीमच्या आईकडे, जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि पितांबरने विचारलं नाही. त्यानंतर ती त्याच्या खेपांसाठी भाकरी बांधून देई, पण दारापर्यंत येत नसे.

संक्रांतीला नंदुरबारची टीम आली. मैदान माणसांनी फुललं होतं. पितांबरने भिलाची जर्सी स्वतः धुऊन, घडी करून काखेत आणली होती. रात्रीच्या गाडीने आला तर सकाळी थेट मैदानावर येईल, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. तो हजेरीला उभा राहिला आणि त्याची नजर कडुनिंबाखाली गेली.

तिथे गजराबाईशेजारी धनुबाई बसली होती.

पहिल्यांदा त्याला राग आला. ही इथे कशाला? हिला कुणी सांगितलं नाही का की ही जागा कुणाची? त्याने तोंड फिरवून नावं घ्यायला सुरुवात केली. बसऱ्याची नावं झाली. एकेक 'शे' आला. छगनच्या नावाला तो स्वतः 'शे' म्हणाला, पण या वेळी छाती काढायची राहून गेली. मग त्याने काखेतली जर्सी सावरली आणि म्हणाला, “भिला पितांबर.”

“शे,” धनुबाई म्हणाली.

पितांबरने जणू ऐकलंच नाही असं करून पुन्हा नाव घेतलं, मोठ्याने. धनुबाईने पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. गजराबाईकडून खरा शब्द काढायला तो असाच उभा राहिला होता. आता कुणीतरी खोटा शब्द द्यावा म्हणून उभा होता. तिसऱ्यांदाही 'शे' आलं.

तो खेळाडूंच्या रांगेकडे वळला. सलीम टोकाला उभा होता. खेळायची ताकद नव्हती, पण क्लबाने त्याला जर्सी घालून उभं केलं होतं.

“तू सांगं व्हतं ना रे?” पितांबर म्हणाला. “मोटारजवळ. मांगे यी ऱ्हायना, असं तूच सांगं व्हतं.”

सलीम खाली बघत होता. “आप्पा, मी 'यी' नही सांगं. मांगे ऱ्हायना, इतलंच सांगं. तठेच, जपानी आमले लई गयात त्या बेटवर. मीच माटी दिधी त्याले.”

मागे राहिला. एवढाच शब्द होता. त्यात 'यी' घातला होता तो पितांबरच्या कानांनी. जन्मभर तो हा शब्द ऐकत आणि बोलत आला होता, आणि नेमका त्याच दिवशी त्याला तो ऐकू आला नाही. तो तिथेच उभा राहिला. ओरडावं, सलीमला मारावं, धनुबाईला हाताला धरून घरी न्यावं आणि सकाळपासून सगळं पुन्हा सुरू करावं, असं त्याला वाटलं. काखेतली जर्सी खाली पडली. ती कुणी उचलली नाही. नंदुरबारची पोरं एकमेकांकडे बघत होती. रेफरीने शिट्टी तोंडातून काढून हातात धरली.

धनुबाई उठली. नवऱ्याशी चार माणसांत ती आजवर बोलली नव्हती.

“पुढलं नाव ल्या,” ती म्हणाली.

पुढचं नाव सलीमचं होतं. पितांबरने त्याच्याकडे पाहिलं. ती काडीसारखी हाडं, त्या बिनदाती हिरड्या, आणि तरीही जिवंत, उभा, श्वास घेणारा. या पोराने आपल्या भिलाला माती दिली हे त्याला कळत होतं, आणि तरी त्या क्षणी त्याला सलीमच्या जिवंतपणाचाच संताप आला. देवाने एकच परत धाडायचा होता, तर हा का धाडला? रमजान गर्दीत उभा राहून त्याच्याकडेच बघत होता, आणि पितांबरच्या मनात काय चाललं आहे हे त्याला कळलं होतं, कारण त्याने मान खाली घातली.

पितांबरने ओठ ओले केले.

“सलीम रमजान,” तो म्हणाला.

सलीम रडत होता. त्याला उत्तर देता येईना. पितांबरने हात जोडून त्याला म्हटलं, “सांग रे बाप्पा. हाजीर सांग.”