जखडलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कधी आमच्या दुकानात आलात, तर शिरल्याबरोबर डाव्या हाताला, काचेच्या कपाटात मी दिसेन. कपाटाला कुलूप आहे, तेव्हा गप्पा मारायच्या तर काचेआडूनच माराव्या लागतील.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटात केसाएवढी स्प्रिंग बसवली, कान लावून 'खट्' असा आवाज ऐकला आणि समाधानाने मला पुढे सरकवलं.

मला विकत घेतलं ते आमच्या मालकांनी. तेव्हा ते पंचविशीचे होते. बरी चाललेली नोकरी सोडून फोटोंचं दुकान काढलं म्हणून घरच्यांची बोलणी खात होते. पण त्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. मला गळ्यात अडकवायचे आणि सायकलवर टांग मारायचे. नदीकाठ, बाजार, शाळेचं मैदान, जिथे चार माणसं तिथे आम्ही. एका लग्नात सगळी मंडळी एका फोटोत मावेनात, म्हणून मालक टेबलावर चढले. टेबलाचा पाय मोडला. मालक आडवे झाले आणि मी फरशीवर आपटलो. आतला रोल उघडा पडला, नवरीचा एकही फोटो हाती लागला नाही. तिच्या वडिलांनी चारचौघांत जे सुनावलं, ते मालकांच्या जिव्हारी लागलं.

आठवड्याभरात मी दुरुस्त होऊन आलो. तोवर मालकांनी लोखंडी स्टँड करून घेतला होता. तो त्यांनी दुकानाच्या जमिनीत पक्का केला आणि मला त्यावर चार बोल्टांनी आवळून टाकलं.

"हललं की बिघडलं," ते म्हणाले. "आता इथून हलायचं नाही."

मला वाटलं, राग आहे, निवळेल. मित्रांनो, तो राग बावीस वर्षं टिकला.

बावीस वर्षं माझ्यासमोर एक पांढरा पडदा आणि एक खुर्ची. माणसं यायची, बसायची, उठायची. "मान सरळ. हनुवटी जरा खाली. हसू नका." खट्. पुढचा. ओळखपत्रावर हसरा चेहरा चालत नाही म्हणे. दारातून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज यायचा, पण माझ्यासमोर बसेपर्यंत ते हसू पुसलेलं असायचं. बाहेर पाऊस पडतोय हे मला लोकांच्या ओल्या केसांवरून कळायचं. "तुमच्याकडचा फोटो कचेरीतून कधी परत येत नाही हो," असं लोक मालकांना सांगायचे, तेव्हा मलाही बरं वाटायचं. काम चोख होतं. पण चोख काम करणाऱ्यालाही कधीतरी मान वळवून खिडकीबाहेर बघावंसं वाटतंच ना?

मालकांची मुलगी कॉलेज संपवून दुकानात बसू लागली. तिला ते लाडाने ठमी म्हणायचे.

"बाबा, एकदा तरी याला बाहेर काढू या."

"बाहेर काय ठेवलंय? गिऱ्हाईक आपल्या पायांनी इथे येतं."

"तुम्हीच हिंडायचात ना सायकलवरून?"

"तेव्हा अक्कल नव्हती."

ठमीची बोटं काउंटरवर टकटक करत राहायची. मला वाटायचं, हिलाही कुणीतरी आवळूनच ठेवलंय.

पुढे मालकांची नजर अधू झाली. फोटो अंधूक येऊ लागले, परतही येऊ लागले. "कॅमेरा म्हातारा झाला," मालक म्हणायचे आणि मी मुकाट्याने तो आळ सोसायचो. ठमीला खरं काय ते कळलं होतं, पण बापाला तोंडावर कसं सांगणार? ती गुपचूप फोटो पुन्हा काढून द्यायची.

एका दुपारी एक बाई आली. तिच्या आईचा ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

"खुर्चीत बसवून आणा," मालक म्हणाले.

"नुसतं कुशीवर वळवलं तरी कळवळते हो ती," असं म्हणून बाई जायला वळली.

ठमीने ड्रॉवरमधून पाना काढला.

"हे काय करतेस?"

"त्या येऊ शकत नाहीत, बाबा. आपण जाऊ शकतो."

"आणि पडला म्हणजे?"

"पडेलही. पण तुम्हाला आता त्यातून नीट दिसत नाही, आणि मला इथे बसून काहीच दिसत नाही."

ठमीने स्टँडला पाना लावला. पहिला बोल्ट गंजलेला, तो काही केल्या हलेना. मालक उठले. मला वाटलं, आता पाना हिसकावणार. त्यांनी फळीवरची तेलाची कुपी चाचपडत काढली आणि बोल्टवर दोन थेंब सोडले.

"जोर नको लावू," ते हलकेच म्हणाले. "भिजू दे जरा."

आम्ही त्या बाईच्या घरी पोचलो. तिच्या आईने, त्या आजींनी, जन्मभर शिवणकाम केलं होतं. उशीला टेकवून, मान सरळ ठेवून त्यांचा फोटो झाला. मग त्या म्हणाल्या, "पोरी, आता एक माझ्या मशीनबरोबर काढ. तेही माझ्याइतकंच राबलंय." ठमीने शिवणयंत्र पलंगाशी ओढलं. आजींनी त्याच्या चाकावर हात ठेवला आणि बोळकं पसरून हसल्या. खट्! बावीस वर्षांनी माझ्या डोळ्यांत एक हसू शिरलं.

महिन्याभरात दुकानाबाहेर पाटी लागली: 'तुमच्या कामाच्या जागी तुमचा फोटो'. पहिले दोन महिने तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग पावभट्टीवाला आला, न्हावी आला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दोघी बहिणी आल्या. ठमीचा एक नेम होता. पोटासाठी दिवसभरात कितीही फोटो काढावेत, पण त्यातला एक तरी केवळ आपल्याला हवा म्हणून काढावा. मालकही आमच्याबरोबर यायचे. नजर अधू असली तरी जीभ शाबूत होती. ते असे काही किस्से सांगायचे की बुजलेला माणूसही खुलायचा. अशी चार वर्षं गेली. मला कुणी वय विचारलं, तर मी चारच सांगेन.

नंतर रोल मिळेनासे झाले, माझी स्प्रिंगही रेंगाळू लागली. ठमीने नवा कॅमेरा घेतला. त्यात तिचं काही चुकलं नाही. मालकांनी माझ्यासाठी मुद्दाम हे कपाट करून घेतलं, आत मखमल अंथरली, पुढे चिठ्ठी लावली: 'याच्यामुळे आम्ही उभे राहिलो'. कुणी हात लावू नये म्हणून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. त्या दिवशी मला भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी उमगलं की आता आपल्याला कुणी हात लावणार नाही.

लोक वाकून बघतात. "किती जपलंय!" म्हणतात. इथे आत वारा नाही. माझ्या भिंगावर बुरशीची बारीक जाळी चढते आहे. "या रविवारी याला नेऊ या," असं ठमी अधूनमधून म्हणते आणि तेवढ्यात तिचा फोन वाजतो. मालकांना आता जवळजवळ दिसतच नाही. रोज सकाळी ते मऊ फडकं घेऊन येतात आणि कपाटाची काच कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसतात, अगदी हळुवारपणे. त्यांना वाटतं, ते मलाच पुसताहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी आवडती वस्तू असेल. वस्तू कशाला, एखादी आवडसुद्धा असेल, खराब होईल या भीतीने ठेवून दिलेली. तिला बाहेर काढा, वापरा, चार ओरखडे उठू द्या. आणि कधी सकाळी या बाजूला आलात, तर आमच्या मालकांशी दोन शब्द बोला. त्यांना एवढंच सांगा, "काका, किल्ली तुमच्याच खिशात आहे."