तीन बोटं

पोरगा दोन्ही तळहात एकमेकांवर असे घासत होता, की आता ठिणगी पडणार आणि कॉटभोवतीचा पडदा पेट घेणार, असं काकांना वाटलं. घासून झाल्यावर त्याने ते हात पोटावर ठेवायच्या आधी परीक्षक मॅडमसमोर धरले. मॅडमनी कागदावर खूण केली. तपासण्याआधी हात गरम करून घेतले, एक मार्क. या सगळ्या सोहळ्यात हात पुन्हा गार पडले होते, आणि तसेच ते काकांच्या उघड्या पोटावर येऊन बसले.

"काका, मोठा श्वास घ्या."

काकांनी घेतला, सोडला, पुन्हा घेतला. पोराचा हात काकांच्या पोटावर होता आणि डोळे मॅडमच्या चेहऱ्यावर. मॅडमच्या भुवया जरा वर गेल्या, तसा तो सावरला.

"मॅडम, स्प्लीन लागतेय."

"किती?"

"तीन बोटं."

काकांनी डोळे मिटून घेतले. सकाळपासून जो येत होता, त्याला तीन बोटंच लागत होती.

स्प्लीन म्हणजे प्लीहा डाव्या बरगड्यांच्या आड असते आणि धडधाकट माणसाची ती बोटांना लागत नाही. काकांची लागायची. रक्ताच्या जुन्या आजाराने ती फुगून बरगडीखाली तीन बोटं उतरली होती, आणि इतकी ठसठशीत, की परीक्षा जवळ आली की मेडिकल कॉलेजातून काकांना हमखास फोन यायचा. वॉर्डात त्यांचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. "तीन बोटं आले का?" सिस्टर विचारायच्या. "तीन बोटांना खिडकीजवळची कॉट द्या." काकांना त्याचं वाईट वाटत नसे. रिटायर झालेल्या माणसाला इतक्या अगत्याने बोलावतंय कोण?

यंदा मात्र भानगड झाली होती. डॉक्टरांनी नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या. "यांनी सूज उतरली तर उत्तम," ते म्हणाले होते, "नाहीतर ऑपरेशन करून काढून टाकू." सोनोग्राफीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती. आणि इकडे काही दिवसांपासून आंघोळीला बसल्यावर साबणाचा हात डाव्या बाजूला गेला, की काकांना ती सापडत नव्हती. ते सरळ उभे राहून बघत, वाकून बघत, श्वास कोंडून बघत. नाही म्हणजे नाही. त्यांनी ही बातमी मोठ्या उत्साहात बायकोला सांगितली. वाढलेल्या प्लीहेला ती जुन्या वळणाने पाणथरी म्हणायची.

"तुम्हाला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही," ती म्हणाली, "पाणथरी काय सापडणार!"

म्हणून यंदा फोन आल्यावर काका लगेच हो म्हणाले होते. एका दिवसात एवढे होतकरू डॉक्टर पोटाला हात लावणार, त्यातल्या एकाने तरी सांगावं, की इथे काही नाही बुवा. तेवढ्यासाठी ते रिकाम्या पोटी येऊन, शर्ट काढून पडले होते. नियमाप्रमाणे त्यांना तोंड उघडायची परवानगी नव्हती. सकाळी त्यांनी मॅडमना भीत भीत विचारून पाहिलं होतं, की पोरं यायच्या आधी तुम्हीच जरा हात लावता का. मॅडमच्या हातात मार्कांच्या कागदांचा गठ्ठा होता आणि वेळ संपल्यावर वाजवायची घंटा त्यांना सापडत नव्हती.

"काका, तुमची स्प्लीन मला पाठ आहे," त्या घंटा शोधत म्हणाल्या होत्या.

पाठ सगळ्यांनाच होती. पडद्याच्या फटीतून काकांना दार दिसत होतं. बाहेर पडणारा प्रत्येक जण दारात येणाऱ्याला तीन बोटं दाखवून जायचा, लांबून तीन चहा सांगावेत तशी. काकांची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. बिनतिकीट माणूस कसा बसतो, उगीचच खिडकीबाहेर किती रस घेऊन बघतो, हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं. आज समोर अख्खी बसच बिनतिकीट चालली होती, आणि तपासनिसाला कॉटवर आडवं पाडून गप्प बसवलं होतं.

एकाने चादरीवरूनच दाबून पाहिलं, तीन बोटं. एकीने काकांना श्वास घ्यायला सांगितलं आणि सोडायला सांगायची विसरली. काका लालबुंद होईपर्यंत तिला तीन बोटं लागलेली होती. एक पठ्ठ्या तर चुकून उजवीकडेच शोधत बसला, आणि तिथेही त्याला ती तीन बोटंच सापडली. मॅडमनी बाजू चुकल्याचे मार्क कापले. बोटांचे दिले.

"अरे, पेशंटकडे बघा, माझ्याकडे काय बघताय?" मॅडम मधूनच वैतागत. "माझ्या तोंडावर लिहिलंय का?" मग पुढचा पोरगा मॅडमकडे बघायचं नाही म्हणून त्यांच्या चपलांकडे बघत तीन बोटं सांगायचा.

जेवणाच्या सुट्टीत बायको आत आली. ती सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती.

"काय म्हणतायत?"

"तीन बोटं."

"सगळे?"

"सगळे. पण अगं, नीट बघतच नाहीत मेले. हात ठेवल्यासारखा करतात."

"हो ना. एवढी शिकलेली पोरं सगळी खोटी, आणि तुम्ही एकटे खरे."

बायकोने त्यांचा शर्ट उचलून घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"ऑपरेशन म्हटलं की किती दिवस राहावं लागतं हो?" तिने शर्टाला विचारल्यासारखं विचारलं. "धाकटीला बोलावून घ्यावं लागेल."

"अजून ठरलंय कुठे काही?"

"नाही, आपलं विचारलं."

ती गेल्यावर काकांनी पांघरुणाखालून स्वतःच्या पोटात बोटं खुपसून पाहिली. आता त्यांना तिथे काहीतरी लागल्यासारखं वाटायला लागलं. इतके लोक शपथेवर सांगतायत म्हटल्यावर बरगडीखालची हवासुद्धा घट्ट लागते. दुपारचे पोरगे येत गेले, बोटं सांगत गेले, आणि काका गोळ्यांवर, पोरांवर, स्वतःवर, आंघोळीच्या साबणावरही मनातल्या मनात चिडत राहिले.

शेवटी एक मुलगी आली. दारातून शिरताना तिचा एप्रन कडीत अडकला होता, तो सोडवण्याच्या नादात बाहेर जाणाऱ्याची बोटं तिने पाहिलीच नाहीत. हात चोळून तिने मॅडमना दाखवले नाहीत, त्यामुळे तो मार्क गेला. ती कॉटशेजारी गुडघ्यावर बसली. तिचा तळवा उबदार होता. ती खालून, बेंबीच्या उजवीकडून, बोट बोट सरकत तिरकी वर आली. प्रत्येक श्वासाला थांबली. काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"दुखतंय का काका?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

तिने त्यांना उजव्या कुशीवर वळवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घंटा वाजायची वेळ होत आली.

"मॅडम, लागत नाहीये."

मॅडमनी पेन थांबवलं. "काय?"

"स्प्लीन. नाही लागत."

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

"सकाळपासून एवढ्या जणांना लागली," मॅडम दमल्या आवाजात म्हणाल्या. "तुलाच कशी लागत नाही? घरून वाचून आलीस का काही?"

मुलीचे कान लाल झाले. काका कोपरावर उठले.

"नक्की का गं, बाळ?"

"काका! तुम्ही बोलायचं नाही!"

मुलीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या भुवया वर होत्या. तिचा हात काकांच्या पोटावरून निघून एप्रनच्या खिशात गेला.

"म्हणजे... टोक लागतंय, मॅडम. दीर्घ श्वासाला."

"किती?"

"तीन... दोन-तीन बोटं."

"आत्ता नाही म्हणालीस ना!" काका एवढ्या जोरात ओरडले, की पलीकडच्या पडद्यामागची परीक्षा थांबली. "आत्ता म्हणालीस लागत नाही! मी इथेच आहे, मी मेलोय काय? माझ्या देखत सांगितलंस आणि माझ्या देखत फिरवतेस?"

"काका, शांत व्हा. परीक्षा चालू आहे."

"तुमची परीक्षा घाला चुलीत! महिनाभर थांबायचं मी? माझं पोट फाडणार आहेत ते." त्यांनी पांघरूण भिरकावून दिलं आणि पुन्हा उताणे पडले. "तुम्ही हात लावा."

"काका, मला माहीत आहे तुमची—"

"मला माहीत नाही ना पण!"

बाहेर घंटा झाली. मॅडमनी कागदांचा गठ्ठा काकांच्या पायांशी ठेवला, पेन खिशाला लावलं आणि खाली वाकल्या. त्यांचा हात गार होता. तो बेंबीपासून थेट बरगडीपर्यंत एका दमात गेला, जसा ओळखीच्या घरात माणूस दिवा न लावता जातो. तिथे थांबला. मग जरा खाली आला. मग पुन्हा वर.

"श्वास घ्या."

काकांनी घेतला.

"अजून."

काका आता मॅडमच्या चेहऱ्याकडे पोरांसारखे टक लावून बघत होते. चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. फक्त कानाजवळची एक बट सुटून गालावर आली होती आणि मॅडमना ती मागे सारायचं सुचत नव्हतं. त्यांनी काकांना कुशीवर वळवलं. बोटं बरगडीच्या कडेखाली खोल गेली. पायाशी ठेवलेला गठ्ठा घसरून जमिनीवर पसरला. दोघींनीही तो उचलला नाही.

मॅडम सरळ झाल्या.

"तू आधी काय म्हणाली होतीस?"

मुलीची नजर मॅडमच्या भुवयांकडे गेली, पण मॅडम पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि तिथून बाहेरची पार्किंगची जागा बघत होत्या.

"मला बघून काही सांगू नकोस," त्या तशाच म्हणाल्या. "हात लाव आणि सांग."

"घंटा झाली, मॅडम."

"होऊ दे."

मुलीने खिशातून हात काढला, थोडा वेळ स्वतःच्याच मुठीत धरून ठेवला आणि पुन्हा गुडघ्यावर बसली.

"सावकाश बघ, बाळ," काका म्हणाले. "मला काही घाई नाही."