उजवीकडचा कोपरा

कुवेतमधल्या अबू फव्वाजच्या दिवानियात, पुरुषांच्या त्या रोजच्या बैठकीत, यजमानाच्या उजवीकडचा मानाचा कोपरा बारा वर्षं मेहुणा धारी अडवून होता. अबू फव्वाजला तो तितकीच वर्षं खुपत होता. यंदा त्याने सिनेमासाठी लहान फ्रिजएवढा सबवूफर, बेसचा स्पीकर-खोका, आणला.

"धारी, ऊठ. बेस कोपऱ्यातच घुमतो."

"घुमतो रे, पण साफ येतो का?" धारी गादीवरून हलला नाही. "रीतसर बघ. खोका तुझ्या बैठकीवर ठेव आणि भिंतीभिंतीने रांगत ऐक. साफ ऐकू येईल तिथे त्याची जागा."

रीत खरी होती; दुकानदारानेही तीच सांगितली होती. वीस पाहुण्यांसमोर पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा सावरत यजमान रांगू लागला. कोपऱ्याशी त्याचं नाक धारीच्या गुडघ्याला टेकलं. आवाज तिथेच सर्वांत स्वच्छ होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"माफी मागायला आलास? जा, केलं माफ," धारी मोठ्याने म्हणाला. "बोल, माझ्या पायाशीच छान वाटतंय ना?"

यजमान ताडकन उठला. "इथे भिकार वाजतंय. दाराशी ठेवा."

आता खोका चपलांशेजारी गुरगुरतो, खिडक्या थडथडतात, संवाद एकही कळत नाही. आणि धारी कोपऱ्यात पाय पसरून म्हणतो, "अबू फव्वाज, आवाज वाढव की जरा."