स्पेसबार दोनदा

आत्या दवाखान्याच्या फोनवर बसायची आणि तिच्याइतक्या झटपट डॉक्टरांची वेळ कुणी लावून देत नसे. तिला डोळ्यांनी दिसत नाही, हे पलीकडच्या माणसाला कळायचंही नाही. एका कानात पेशंट, दुसऱ्या कानात पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो इतका भरभर बोलायचा की भाची चिमणीला वाटे, डबीत माश्याच कोंडल्यात. शब्द निसटला तर आत्या स्पेसबार दोनदा दाबायची, की तो निमूट पुन्हा वाचायचा. घरात इतका ऐकणारा पुरुष एकही नाही, असं ती म्हणाली की चिमणीचे बाबा पेपरात तोंड खुपसायचे.

मग नवे कॉम्प्युटर आले. एकाच बड्या कंपनीचे फोन, औषधांच्या नोंदी, वाचणारा प्रोग्राम, सगळं एका गठ्ठ्यात, स्वस्तात. बाकीच्यांची चंगळ झाली. आत्याच्या नव्या प्रोग्रामात मात्र स्पेसबार दोनदा दाबला की फोनच कटायचा, आणि ते बदलायची सोय नव्हती.

चिमणीने कॉम्प्युटरवाल्या दादाचं डोकं खाल्लं, जुनाच प्रोग्राम घालून द्या म्हणून. तो मान खाली घालून म्हणाला, करारच तसा आहे. दुसऱ्या कुणाचं काही घातलं तर अख्ख्या दवाखान्याची सवलत जाते.

आत्या नवी बटणं हट्टाने शिकली. घरी जेवतानाही बोटं ताटाच्या कडेवर नवं वळण गिरवायची. पण फोनवर घाई झाली की हात जुन्याच वाटेने जायचा.

एके दिवशी शाळा सुटल्यावर चिमणी तिला न्यायला गेली, तेव्हा एका आजोबांचा फोन आला होता. बायकोला दम लागत होता. फोन कटला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा कटला. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चिमणीलाही ऐकू आला.

"बाई, माझं काही चुकलं का?"

आत्याने शेजारी फोनवर बसणाऱ्या ताईंकडून त्यांना वेळ लावून दिली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दवाखान्याच्या मोठ्या बाईंना सांगून आली, की उद्यापासून मी फोनवर बसणार नाही.

रस्ताभर चिमणी भांडली. कुणी काढलं नव्हतं, तर तू का उठलीस?

"ते माझी माफी मागत होते गं," आत्या म्हणाली.

आता ती मागच्या खोलीत बँडेज गुंडाळते. तिथेही हात चपळ आहे. चिमणी दारात उभी राहिली की आत्या लगेच मान वर करते, कारण दिवसभरात त्या खोलीत दुसरं कुणी येतच नाही.