पाचव्या भागावरचं मत

सुबोध घाडीने पाचव्या भागावरचं आपलं मत रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी 'तलवारकट्टा'वर टाकलं. सहा हजार सभासदांच्या या ग्रुपवर महिनाभर एकाच जपानी ॲनिमे मालिकेची चर्चा चालू होती. मालिकेचं नाव 'रिकामं म्यान'. मिठागरात राबणाऱ्या बापाला सात जण जाळतात. त्याची मुलगी तलवार शिकते आणि एकेकाला गाठते. दर भागात एक जण जातो. चित्रं देखणी, रक्त भरपूर.

सुबोधने लिहिलं होतं: "दहापैकी साडेनऊ. पहिल्या चार भागांत मारामारी म्हणजे नाच आहे. देखणा नाच, पण नाच. पाचव्यात नायिकेची धाकटी बहीण जिना उतरून येते, तेव्हा सगळं उरकलेलं असतं. खाली एक माणूस पडलेला, दोघं उभे, हत्यार जमिनीवर. कोणी मारलं हे दाखवतच नाहीत. असंच असतं. आवाज येतो, तुम्ही धावता, आणि पोचल्यावर फक्त उभी राहिलेली माणसं दिसतात. अनुभवाने सांगतो."

तासाभरात शंभरावर उत्तरं आली.

"अर्धा मार्क कशाला कापला रे, कंजूस?"

"एवढं रक्त, की आमच्या टीव्हीला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल."

"मारण्याआधी तिने एकदा तरी विचारलं का, काडी कोणी लावली ते?"

"सातही हरामीच होते. कोणी लावली त्याने काय फरक पडतो?"

एकाने विचारलं होतं, "कसला अनुभव, भाऊ?" सुबोधने त्याला एका शब्दात उत्तर दिलं: "घरचा."

जोगेश्वरी पूर्वेला तीन मजली जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सुबोध वडिलांसोबत राहायचा. चौदा महिन्यांपूर्वी वडील, लवू घाडी, पहाटे पाणी सुटायच्या वेळी खाली गेले. तळमजल्यावरच्या धोंडिरामने पाण्याच्या लाइनला मोटर लावली होती, त्यामुळे वरच्या दोन मजल्यांवर पाणी चढत नव्हतं. लवू इमारतीच्या कमिटीत होते. मोटर काढायला सांगून दोन आठवडे झाले होते, आणि धोंडिरामचा मुलगा विशाल त्यांना दोनदा धमकावून गेला होता. त्या पहाटे सुबोध दात घासत होता. आरडाओरडा ऐकू आला, मग एकच आवाज. तो धावत उतरला. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना त्याला दिसलं: बाबा खाली, धोंडिराम आणि विशाल उभे, लोखंडी पाइप गटाराशी पडलेला.

पोलीस स्टेशनात फिर्यादीचा जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने विचारलं होतं, "तुमच्यासमोर मारलं ना?" मोठी बहीण दीप्ती शेजारी बसली होती. सुबोध म्हणाला, "हो." "कोणी?" "विशालने." तेव्हा बाबा आयसीयूत होते. सत्तरीचा धोंडिराम दोन पायऱ्या चढला की दम खायचा. दुसरं नाव सुबोधच्या मनातही आलं नाही.

लवू वाचले, पण त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. एकच शब्द उरला. भूक लागली तरी "आलं", दुखलं तरी "आलं". विशालचं म्हणणं होतं की झटापटीत ते स्वतःच पडले. बाकी इमारतीने फक्त आवाज ऐकले होते. सगळी केस सुबोधच्या त्या "हो"वर उभी होती, आणि त्याची साक्ष गुरुवारी होती.

सोमवारी दुपारी दीप्तीचा मुलुंडहून फोन आला.

"हे काय लिहून ठेवलंयस?"

"काय?"

"जिना, दोघं उभे, कोणी मारलं दिसलं नाही. ऑफिसातली पोरगी कौतुकाने मला वाचून दाखवतेय, काय लिहिलंय बघ म्हणून. खाली तुझं नाव! अक्कल गहाण ठेवलीस काय रे?"

"ते मालिकेबद्दल आहे, ताई."

"घरचा अनुभव, हे कोणी लिहिलं मग? विशालच्या वकिलाच्या हाती लागलं तर वाट लागेल. आधी उडव ते."

सुबोधने उडवलं. दोन मिनिटांत ते पुन्हा ग्रुपवर होतं, वर ठळक अक्षरांत 'मागे घेतलेलं मत' असं लिहिलेलं. हा नियम त्याचाच होता. आधीच्या एका मालिकेचा शेवट बघून लोकांनी आपली जुनी मतं गुपचूप बदलली होती, आणि आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं असं मिरवत होते. सुबोधला त्याचा भयंकर राग आला होता. त्याच्याबरोबर ग्रुप चालवणाऱ्या मनोरीच्या ग्लेनरॉयकडून त्याने अशी सोय करून घेतली की दिलेलं मत कोणी काढलंच तर ते सगळ्यांसमोर परत यावं.

त्याने ग्लेनरॉयला फोन लावला. दोघं चार वर्षांत तीनदाच भेटले होते, पण रोज बोलायचे.

"माझं मत काढून टाक. कॉपीसकट."

"वा रे वा! पालघरच्या त्या पोराने पाया पडून सांगितलं तेव्हा काढू दिलं नाहीस. आता स्वतःवर आलं काय?"

"गुरुवारी साक्ष आहे, ग्लेन. बाबांची."

ग्लेनरॉयला मारहाणीचं माहीत होतं.

"म्हणजे तू बघितलं नव्हतंस?"

"आवाज ऐकला."

"आणि जबाबात?"

"बघितलं म्हणून आहे."

"काढतो," ग्लेनरॉय म्हणाला. "कॉपी पण काढतो. कोणी विचारलं तर मशीन बिघडलं म्हणून सांगेन. पण सुबोध, मी वाचलंय यार ते. मला आता ते न वाचल्यासारखं करता येणार नाही."

पाच मिनिटांनी मत खरंच गेलं. मंगळवारपर्यंत ग्रुप सहाव्या भागाकडे वळला. वकिलाच्या हाती काहीच लागलं नव्हतं. दीप्तीने मेसेज केला, "सुटलो. आता जबाब दहा वेळा वाच."

सुबोधने तो वाचला. 'माझ्यासमोर विशाल याने माझ्या वडिलांच्या डोक्यात पाइप मारला.' पाइप कोणत्या हातात होता, हात किती वर गेला, बाबांचं तोंड कुठल्या बाजूला होतं, यातलं काही त्यात नव्हतं. असं चित्र मालिकेत आलं असतं तर त्याने तीन मार्क दिले असते.

बुधवारी दुपारी त्याने जुन्या मोबाइलमधून इमारतीच्या सत्यनारायणाचे फोटो शोधले. एकात विशाल होता, एकात धोंडिराम. दोन्ही छापून आणून त्याने बाबांसमोर ताटलीवर शेजारी शेजारी ठेवले.

"बाबा, पाइप कोणाच्या हातात होता?"

लवूंनी बराच वेळ बघितलं. मग डावा हात उचलून बोट विशालच्या फोटोवर ठेवलं. "आलं," ते म्हणाले.

सुबोधचे डोळे भरून आले. त्याने बाबांचा हात धरला, सोडला, आणि फोटोंच्या जागा बदलल्या.

"परत दाखवा."

बोट धोंडिरामच्या फोटोवर गेलं. त्याने पुन्हा जागा बदलल्या. विशाल. पुन्हा बदलल्या. धोंडिराम. बाबा दर वेळी डावीकडच्या फोटोवर बोट ठेवत होते. पाचव्या वेळी ते कंटाळले आणि त्यांनी ताटलीच ढकलून दिली.

गुरुवारी सेशन्स कोर्टात पावणेबाराला पुकारा झाला. विशाल आरोपीच्या पिंजऱ्यात होता. मागच्या बाकावर धोंडिराम, पुढच्यावर दीप्ती. शपथ झाल्यावर सरकारी वकील बाईंनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुम्ही काय पाहिलंत?"

"मी आवाज ऐकून उतरलो," सुबोध म्हणाला. "मला दिसलं तेव्हा बाबा पडलेले होते. हे दोघं उभे होते. पाइप जमिनीवर होता."

"हे दोघं म्हणजे?"

"विशाल आणि धोंडिरामकाका."

"पाइप कोणी मारला?"

"मारताना मी बघितलं नाही."

बाईंनी जबाब पुढे केला. सही तुमचीच ना? हो. मजकूर वाचून सही केलीत ना? हो. मग आता खोटं का बोलताय?

"तेव्हा चुकीचं सांगितलं होतं, मॅडम. आता खरं सांगतोय."

"आरोपीकडून तुमच्यावर दबाव आहे?"

"नाही."

"मॅडम, विचारा ना त्याला—" दीप्ती उभी राहिली. शिपायाने तिला खाली बसवलं.

बाईंनी साक्षीदाराला फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी दिली. सुबोधने हा शब्द बातम्यांत अनेकदा वाचला होता. पुढचा पाऊण तास बापाच्या बाजूच्या वकील बाई बापाच्याच मुलाला खोटं पाडत होत्या. विशालच्या वकिलाला विचारण्यासारखं काही उरलंच नाही. विशाल सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. सुबोधने मागे वळून बघितलं तेव्हा धोंडिरामची जागा रिकामी होती. त्यावरून काहीही ठरवता येत नव्हतं. म्हातारा लघवीलाही गेला असेल.

बाहेर पॅसेजमध्ये दीप्ती खिडकीशी उभी होती. रडून झालं होतं.

"फितूर," ती म्हणाली. "घाडींच्या घरात फितूर."

"मी बघितलं नव्हतं, ताई. तुला माहीत होतं."

"होतं. चौदा महिने होतं. मी विचारलं का तुला एकदा तरी? का नाही विचारलं, कळत नाही तुला?" तिने पर्स उघडली, काहीतरी शोधलं, मिळालं नाही, बंद केली. "बाबांना आज मी घेऊन जातेय. तुझ्या घरी नकोत."

"जिना उतरवायला मी येतो."

"आमचे हे येतायत."

"पाचला फिजिओवाल्या बाई येतात त्यांच्या."

"मुलुंडला ये म्हणावं," दीप्ती म्हणाली. "तेवढा फोन कर तिला. पत्ता नीट सांग."

सुबोधने तिथेच उभं राहून फोन लावला आणि बहिणीचा पत्ता सांगितला: सोसायटीचं नाव, विंग, मजला, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे ते. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कधीपर्यंत तिकडे?" त्याने दीप्तीकडे बघितलं. ती लिफ्टकडे चालायला लागली होती.